सोनुलेबाई आणि हाकांचा आकडा

कारखान्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर आजही चार जण घरावर चालून येतील, आणि माझ्यात आता भांडायची ताकद उरलेली नाही. कोल्हापूरपासून तासाभराच्या अंतरावरचा सहकारी साखर कारखाना, एवढं पुरे. मी हंबीरराव. तिथं शेती विभागात एकोणतीस वर्षं ओव्हरसियर होतो. माझ्या खुर्चीमागं प्लायवूडचं पार्टिशन होतं आणि पार्टिशनपलीकडं वायरलेसची खोली. त्या खोलीत निशा सोनुले बसायच्या. त्यांचं प्रत्येक भांडण मी तिथं बसून ऐकलेलं आहे.

बाई भांडखोर आहेत असं सगळा कारखाना म्हणायचा. मीही म्हणायचो. आज ते आठवलं की माझी मलाच चीड येते. ज्या माणसाचं दर वेळी खरं असतं आणि दर वेळी त्याला गप्प बसवलं जातं, त्यानं बोलायचं तरी कुठल्या आवाजात?

बाई १९९२ साली लागल्या. आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स केलेला. घर पेठ वडगावच्या बौद्ध वस्तीत, रोज दोन एस.टी. बदलून यायच्या. वडील गुंडू सोनुले फौजेत सिग्नलला होते. घरी वायरलेसचा जुना सेट खोलून पोरीला शिकवायचे, आणि एक सवय त्यांनी लावली होती. समोरच्यानं निरोप शब्द न् शब्द परत म्हणून दाखवल्याशिवाय माईक खाली ठेवायचा नाही.

कारखान्याच्या हद्दीतल्या गावांचे तेव्हा चौदा गट होते. प्रत्येक गटाच्या ऑफिसात एक वायरलेस सेट, एक मोटारीची बॅटरी आणि बाहेर बांबूला नाहीतर लोखंडी पाइपला बांधलेली अँटेना. फोन दोन-तीनच गटांत होते, आणि पावसात पहिल्यांदा तेच मरायचे. त्यामुळं किती टन ऊस तुटला, किती टोळ्या रानात आहेत, ट्रॅक्टर कुठं रुतला, हे सगळं वायरलेसवरून कारखान्यात यायचं. आणि वायरलेसचा भरवसा नव्हता. मधे डोंगर, नदीची वळणं, खोलगट गावं. ऊस डोक्यावर गेला आणि पानं ओली झाली की एखाद्या गटाचा आवाज खरखरीत बुडून जायचा. तोड झाली की तोच गट शेजारी बसून बोलल्यासारखा.

१९९४ साली बाहेरून एक इंजिनिअर बोलावला. तो मे महिन्यात आठ दिवस जीप घेऊन हिंडला आणि रंगीत तक्ता करून दिला. कुठल्या गटानं थेट कारखान्याशी बोलायचं, कुठल्या गटानं दुसऱ्याच्या मार्फत, सगळं बाणांनी दाखवलेलं. तक्ता काचेत घालून भिंतीवर लागला. बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “मे महिन्यात रान मोकळं असतंय. जानेवारीत ह्यातलं निम्मं चालणार न्हाय.” शेती अधिकारी म्हणाले, “बाई, तुम्ही इंजिनिअर हाय का त्यो?”

करंजवाडी हा नदीकाठचा, बशीसारख्या खोलगटातला गट. तक्त्याप्रमाणं त्याचा निरोप शेजारच्या म्हाळुंगे गटाच्या मार्फत यायचा. १९९६च्या जानेवारीत करंजवाडीच्या रानात तानाबाई नावाच्या ऊसतोडणीच्या बाईला नाग चावला. सकाळी नऊची वेळ. तिथला कारकून कृष्णात, नुकताच लागलेला. त्यानं म्हाळुंग्याला सांगितलं, जीप पाठवा. म्हाळुंग्याचा कारकून आकाराम म्हणाला, रॉजर, म्हणजे ऐकलं. मग त्यानं कारखान्याला तीनदा हाक मारली. कारखान्याला ऐकू गेलं नाही. आकारामनं वहीत लिहिलं, “९.१० निरोप पाठवला,” आणि तो वजनकाट्यावर निघून गेला.

जीप दिवसभर कारखान्याच्या फाटकाशी उभी होती. मी स्वतः तिच्या बॉनेटवर बसून शेंगा खाल्ल्या. तानाबाई बारा वाजता बैलगाडीतच गेली. कोल्हापूरला वेळेत नेली असती तर वाचली असती का, ते मला सांगता येणार नाही. पण न्यायला हवी होती की नव्हती?

बाईंना संध्याकाळी कळलं. बऱ्याच हाकांनी म्हाळुंगं सेटवर आलं आणि पार्टिशन हलेल असा आवाज चढला.

“आकाराम, निरोप कुठं गेला?”

“पाठवला की बाई. तीनदा बोललो. वहीत नोंद हाय.”

“कुणाला पाठवला? मी हितं सकाळपासनं बसलोय. मला आला न्हाय. मग गेला कुणाकडं, वाऱ्याकडं?”

“तक्त्यात माझं काम पाठवायचं हाय. मी पाठवला.”

“पाठवला आणि पोचला ह्यात काय फरक हाय का न्हाय? एक बाई मेली तिकडं!”

आकारामनं सेट बंद केला. चौकशी झाली नाही. तोडणी कामगार कारखान्याचा नोकर नसतो, टोळी मुकादमाची असते, असं कुणीतरी म्हणालं आणि विषय संपला. तानाबाईचा नवरा दुसऱ्या दिवशी परत कोयता घेऊन रानात उभा होता. ते बघून बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, “हंबीरदादा, तुमच्या ह्या कारखान्याला आग लागो.” मी इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. माझी अक्कल तेवढीच.

त्या आठवड्यात बाईंनी शंभर पानी वही घेतली. रोज सकाळी सातला त्या प्रत्येक गटाला दहा हाका मारायच्या आणि किती हाकांना उत्तर आलं ते लिहायच्या. मग गटांना सांगायच्या, तुम्हीपण तुमच्या आजूबाजूच्या गटांना दहा-दहा हाका मारा. कारकून वैतागले. “बाईला काम न्हाय काय?” असं सेटवरच बोलायचे, मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं. बाई उत्तर द्यायच्या नाहीत. पुढची हाक मारायच्या.

एक दिवस मी विचारलं, हे चाललंय काय? त्यांनी ऊसतोडीच्या चिठ्ठीच्या पाठीमागं काढून दाखवलं.

“दहा हाकांना दहा उत्तरं आली तर एका हाकेत काम होतंय. पाच आली तर सरासरी दोन हाका लागणार. दोनच आली तर पाच हाका. आता बगा. करंजवाडी हितनं थेट बोलली तर पाच हाका. म्हाळुंग्यावरनं आली तर सात, कारण मधलं ऐकूच येत न्हाय. आणि टेकवाडीवरनं आली तर एक आणि एक. दोन.”

“पण टेकवाडी तर उलट्या अंगाला. वर डोंगरात. कारखान्याकडं पाठ करून जायचं व्हय?”

“निरोपाला काय पाय असत्यात, चढ लागायला?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

पुढं त्यांनी ते आणखी सोपं केलं. प्रत्येक गटानं एकच आकडा पाटीवर लिहून ठेवायचा, आपल्यापासून कारखान्यापर्यंत निरोप पोचायला किती हाका लागतात तो. शेजाऱ्यांचे आकडे विचारायचे, शेजाऱ्यापर्यंत पोचायला आपल्याला लागणाऱ्या हाका त्यात मिळवायच्या, आणि सगळ्यांत कमी बेरीज ज्याच्याकडून येईल त्याच्या हातात निरोप द्यायचा. कारकुनाला चौदा गटांचा नकाशा पाठ असायची गरज नाही. शेजारी ठाऊक असला की झालं. सगळं सुरळीत असेल तर दोन-तीन दिवसांनी एकदा विचारलं तरी चालेल. बॅटरी उतरली, अँटेना वाकली, कुठं काही बिघडलं की लगेच विचारायचं. आणि निरोप पोचल्यावर कारखान्यानं “पोचला” असं त्याच रस्त्यानं परत सांगायचं. ते उत्तर आल्याशिवाय वहीत “पोचला” लिहायचं नाही.

एवढं साधं. पण तक्त्याबाहेर जायला कारकून घाबरायचे. पहिला कृष्णात तयार झाला. तानाबाईच्या निरोपाला त्याचा आवाज होता, आणि तो त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. मग टेकवाडी, मग नदीपलीकडची भैरेवाडी. दोन वर्षांत चौदाही गट पाटीवर आकडा लिहायला लागले. आकाराम सगळ्यांत शेवटी.

फजितीही झाली. ९८ सालच्या वळवाच्या पावसात टेकवाडीची अँटेना आडवी झाली आणि तिला कारखाना ऐकू येईना. तिनं शेजारच्या करंजवाडीचा जुना आकडा बघितला. दोन. म्हणून निरोप करंजवाडीला दिला. पण करंजवाडीचे ते दोन टेकवाडीवरूनच होते! कृष्णातनं निरोप परत टेकवाडीला दिला. टेकवाडीनं परत त्याला. एक ट्रॅक्टर पंक्चर झाल्याचा निरोप सकाळभर त्या दोघांत फिरत होता आणि दोघंही वहीत इमानदारीनं “पाठवला” लिहीत होते. बाईंनी मधेच ऐकलं आणि जे काही बोलल्या ते इथं लिहिता येणार नाही. दुपारी शांत झाल्यावर त्यांनी नियम घातला. निरोप मोठ्या आकड्याकडून लहान आकड्याकडं उतरत आला पाहिजे. तुमच्यापेक्षा लहान आकड्याचा माणूस तुम्हालाच निरोप द्यायला लागला, तर कुणाचा तरी आकडा शिळा झालाय. तिथंच थांबा, दोघांनी आकडे नव्यानं विचारा, मग पुढं जा. पुन्हा निरोप असा गरगरला नाही.

सात-आठ वर्षं हे चाललं. भिंतीवर तक्ता तसाच होता, त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. कारखान्याचं एक वाक्य त्या काळात वाया गेलं नाही. त्याबद्दल बाईंना कुणी एक शब्द दिला नाही, आणि पगारवाढीच्या यादीत त्यांचं नाव दर वेळी खाली राहिलं.

२००४ साली संगणक विभाग निघाला. प्रमुख विजयसिंह, एका संचालकाचा पुतण्या, तिशीच्या आतला, बाहेर शिकून आलेला. हुशार नव्हता असं मी म्हणत नाही. त्यानं सेटना मोडेम जोडले. गटावर संगणकात चिठ्ठी भरायची आणि ती टिरटिर आवाज करत वायरलेसवरून कारखान्यात येऊन पडायची. चांगली गोष्ट होती. पण त्यानं भिंतीवरचा तक्ता काढून जसाच्या तसा त्या यंत्रणेत घातला.

बैठकीत मी होतो. बाई आठ वर्षांच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, “साहेब, मोडेम येऊदे की. पण रस्ता बांधून ठेवू नका. मशीनलाच दहा हाका मारूद्यात, आकडा ठेवूद्यात. माणसापेक्षा चांगलं करील ते. आणि उलटं उत्तर आल्याशिवाय चिठ्ठी पोचली असं धरू नका.”

विजयसिंह वह्यांकडं न बघता म्हणाला, “बाई, सिस्टीम अशी हाका मारून चालत नाही.”

“मग कशानं चालती? जानेवारीत म्हाळुंग्यावरनं काय येत न्हाय. आठ वर्षांचं लिवलंय ह्यात. वाचून तरी बगा.”

“तुम्हाला इथवर आणून बसवलं तेच खूप झालं. आता आम्हाला शिकवू नका.”

‘तुम्हाला’ म्हणजे कुणाला, ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. पंखा फिरत होता. शेती अधिकारी कागद चाळायला लागले. मी चष्मा पुसला.

बाई उभ्या राहिल्या. “मला कुणी आणून बसवलेलं न्हाय. एस.टी.नं आलोय. तिकीट काढून.”

महिन्याभरात त्यांची बदली स्टोअरला झाली. साखरेच्या पोत्यांचं बारदान मोजायला. वायरलेसवर आकाराम आला. गटांना लेखी आदेश गेला, निरोप तक्त्याप्रमाणंच जाईल, मधे कुणी आपलं डोकं चालवू नये. त्या हंगामात किती चिठ्ठ्या वाऱ्यावर गेल्या त्याला गणती नाही. पोचल्या नाहीत म्हणून ऊसतोडीच्या पाळ्या चुकल्या, शेतकरी गटाच्या ऑफिसात येऊन कारकुनांच्या गचांड्या धरायला लागले. अहवालात कारण लिहिलं, “गट कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा.”

मग २००५चा जुलै आला. शेवटचा आठवडा. कोल्हापूरकरांना त्या दिवसांबद्दल सांगायला नको. रस्ते तुटले, फोन मेले, वीज गेली. कारखाना उंचावर होता म्हणून कोरडा राहिला. दुपारी साडेतीनला तालुक्याच्या ऑफिसचा एक माणूस मोटरसायकल ढकलत, छातीपर्यंत भिजून आला. हातात प्लॅस्टिकमधे चिठ्ठी. वरच्या धरणातून पाणी सोडलंय, सातच्या सुमाराला नदी आणखी सहा-सात फूट चढेल, काठची गावं रिकामी करा. त्या भागात चालू असलेले सेट फक्त आमचे होते.

बाकीच्या गावांना निरोप गेला. राहिली करंजवाडी. तिथली खालची आळी नदीला चिकटून, शेहेचाळीस घरं. बौद्धांची, कुंभारांची, चार-दोन धनगरांची. आकारामनं तक्त्याप्रमाणं म्हाळुंग्याला निरोप दिला. म्हाळुंग्यानं रॉजर म्हटलं. आकारामनं वहीत लिहिलं, “४.१० पाठवला.” म्हाळुंग्याच्या ऑफिसात तेव्हा गुडघाभर पाणी होतं. पुढचं वाक्य बोलायच्या आत तिथली बॅटरी बुडाली.

बाई स्टोअरमधून आल्या. कुणी बोलावलं नव्हतं.

“करंजवाडीला सांगटलं काय?”

“पाठवलाय,” आकाराम म्हणाला.

“पोचला काय?”

आकारामनं वहीतली नोंद पुढं केली.

“म्हाळुंग्याला हाक मार.”

त्यानं मारली. पाच वेळा. काही नाही. विजयसिंह दारात उभा होता. म्हणाला, “बाई, ही तुमची जागा नाही. निरोप गेलेला आहे. नोंद आहे.”

बाईंनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आकारामच्या खांद्याला धरून त्याला खुर्चीवरून उठवलं. उठवलं म्हणजे अक्षरशः उचललं. आणि माईक हातात घेतला.

करंजवाडी थेट ऐकेना. टेकवाडीला हाक मारली, टेकवाडीही नाही. वाऱ्यानं तिची अँटेना पडली असणार. मग त्या नदीपलीकडं भैरेवाडीला बोलल्या. भैरेवाडी पहिल्या हाकेला आली. “तुला टेकवाडी ऐकू येती काय?” भैरेवाडी म्हणाली, “मधनंमधनं. लांबनं बोलल्यागत.” “मग मार हाका. मी म्हणंस्तोवर थांबू नको.”

आम्ही उभे होतो. भैरेवाडी हाका मारत होती. सात. आठ. नऊ. बाई सेटवरून फक्त “परत” म्हणत होत्या. तेराव्या हाकेला टेकवाडी बोलली. तिथल्या कारकुनानं पडलेल्या अँटेनाची तार हातानं खिडकीत धरली होती, जवळचंच तेवढं ऐकू येत होतं. आणि करंजवाडी त्याला जवळ होती. निरोप भैरेवाडीनं टेकवाडीला शब्दशः दिला, टेकवाडीनं तो परत म्हणून दाखवला, दोन शब्द चुकले, परत म्हणायला लावला. मग टेकवाडीवरून करंजवाडीला.

विजयसिंह म्हणाला, “झालं ना आता? उठा.”

“कृष्णातनं सोता सांगटल्याशिवाय मी उठणार न्हाय.”

पंधरा मिनिटं काही नाही. बाई माईक धरून बसून राहिल्या. मग भैरेवाडी आली. “करंजवाडीचा निरोप. पाच पंचवीसला मिळाला. खालची आळी शाळेत हलवतोय. कृष्णात.”

बाईंनी ते वहीत लिहिलं, माईक जागेवर ठेवला आणि माझ्याशेजारून बाहेर गेल्या. व्हरांड्यात त्या भिंतीवर मूठ आपटत होत्या. एकदा, दोनदा, खूप वेळा. रडत नव्हत्या. सात वाजायच्या आत खालच्या आळीत पाणी शिरलं, पावणेआठला छपरं दिसेनाशी झाली. माणूस एकही गेला नाही. जनावरंही बहुतेक वाचली.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला लाज वाटते, पण ते सांगायलाच मी बसलोय.

पंधरा दिवसांनी बाईंना नोटीस मिळाली. स्टोअरची कर्मचारी असताना विनापरवाना वायरलेस खोलीत शिरणं, ऑपरेटरला धक्काबुक्की, आपत्तीच्या काळात संदेशवहनात अडथळा. निलंबित. विजयसिंहच्या अहवालात होतं की निरोप चार दहाला तक्त्याप्रमाणं रवाना झाला होता. खाली साक्षीदाराची सही होती. हंबीरराव, शेती ओव्हरसियर.

मी सही केली. माझी पोरगी स्वप्नाली कारखान्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागायची होती, तिचा कागद संचालकांच्या टेबलावर होता. कुणी मला धमकी दिली नाही. नुसतं म्हणाले, “हंबीरराव, तुम्ही तिथं होता. चार दहाला पाठवला, हे खरं हाय का न्हाय?” खरं होतं. पाठवला होताच की. त्या एका शब्दाआड मी लपलो.

सप्टेंबरात कारखान्याची वार्षिक सभा. मंडप, हजारो सभासद, आणि पहिल्या विषयाआधीच “मंजूर, मंजूर” ओरडायला आणलेली माणसं. पुरातल्या ‘आधुनिक संदेशयंत्रणे’बद्दल विजयसिंहला फेटा बांधला, शाल दिली. बाई सभासद नव्हत्या, त्यांना आत सोडलं नाही. त्या फाटकाबाहेर उभ्या राहून कर्ण्यातून सगळं ऐकत होत्या.

तेवढ्यात मधल्या रांगेतून अंबूबाई उठल्या. करंजवाडीच्या खालच्या आळीतल्या कुंभारीण, नवऱ्यामागं शेअर त्यांच्या नावावर झालेला. सत्तरीच्या. त्यांनी सरळ जाऊन माईक धरला.

“त्या पोराला शाल कशापायी? आमाला कुणी सांगटलं ते इचारा की! ती वडगावची बाई कुठं हाय?”

“मंजूर, मंजूर!” मागून गलका झाला. माईक बंद केला. अंबूबाई तशाच बोलत राहिल्या, पण काही ऐकू येईना. मग कृष्णात उठला. कारखान्याचा नोकर, नोकरी जाणार हे ठाऊक असलेला. त्याच्या हातात करंजवाडीची नोंदवही होती. तो भाषण करायच्या भानगडीत पडला नाही. पान उघडून त्यानं ती पहिल्या रांगेतल्या माणसाच्या हातात दिली. त्या पानावर म्हाळुंग्याकडून काहीच आलेलं नव्हतं. पाच पंचवीसला टेकवाडीकडून आलेला निरोप होता, आणि पुढं लिहिलं होतं, “मूळ पाठवणार सोनुलेबाई.” वही रांगेतून रांगेत गेली. करंजवाडीची माणसं उभी राहत गेली. मग म्हाळुंग्याची, मग ज्यांच्या चिठ्ठ्या हरवल्या होत्या ती. “मंजूर” वाले गप्प झाले. खुर्च्या उडाल्या, सभा तिथंच संपली.

मी चौथ्या रांगेत होतो. वही माझ्या हातातून गेली. मी उठलो नाही.

आठ दिवसांत बाईंना पत्र गेलं, “मानवतेच्या दृष्टिकोनातून निलंबन मागे घेण्यात येत आहे, कामावर हजर व्हावे.” बाई पत्र घेऊन आल्या आणि शेती अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवलं.

“मानवता कशाची? मी काय भीक मागाय आलोय? चूक कुणाची झाली ते लिवा, मग येतो.”

लोक म्हणाले, आता तरी ऐकावं बाईनं, पदरात पडलंय ते घ्यावं. बाई सात महिने घरी बसल्या. घरी टीव्ही, रेडिओ दुरुस्त करून भागवलं. एप्रिलमधे नवं पत्र निघालं. “केलेली कारवाई चुकीची असल्याने रद्द करण्यात येत आहे.” तेव्हा त्या आल्या. वायरलेसच्या खोलीत. कृष्णातची नोकरी गेली नाही, त्याला घालवायची कुणाची हिंमत झाली नाही. विजयसिंहवर काही कारवाई झाली नाही. पुढच्याच वर्षी तो दुसऱ्या मोठ्या संस्थेत गेला, जास्त पगारावर. २००९ साली कारखान्यानं गटांना मोबाइल वाटले, सेट भंगारात काढले, खोली बंद झाली आणि बाईंनी राजीनामा दिला.

माझी स्वप्नाली शाळेत लागली होती. अजून आहे.

बाई परत आल्यावर माझ्याशी बोलत नव्हत्या. कामापुरतं. हंबीरदादा म्हणायच्या त्या आता आडनावानं, पाटील म्हणायला लागल्या. तीन वर्षं पार्टिशनपलीकडून त्यांचा आवाज यायचा आणि मी मान खाली घालून बसायचो. त्या गेल्या त्याच वर्षी मीही निवृत्त झालो. एका रविवारी सकाळी एस.टी.नं पेठ वडगावला गेलो. त्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात होत्या, घराच्याच पुढच्या खोलीत, हातात सोल्डरिंगची कांडी.

“बाई, माझं चुकलं,” मी म्हणालो.

“व्हय. चुकलं.” मान वर केली नाही.

“काय करू मी आता?”

त्यांनी कांडी ठेवली. आतून एक फुलस्केप कागद आणि पेन आणून माझ्यापुढं टाकलं. “लिवा. काय बघितलंसा ते. सही कशापायी केलीसा तेपण लिवा. बोललेलं मला नको.”

मी लिहायला बसलो. दीड तास लागला. पोरीच्या नोकरीचं लिहिताना हात थांबला, त्यांनी बघितलं. मी लिहिलं. त्यांनी दोनदा वाचून कागदाची घडी घातली, कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मी उठलो तशा म्हणाल्या, “बसा. चहा टाकलाय. राग गेला न्हाय माझा, तसं समजू नकासा. पण चहा घेऊन जावा.”